हँडब्रेक ओढू नका

बोट वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते,
बी विंगच्या मागे, ताडपत्रीखाली.
पोरं तिच्यात लपतात, मांजर वितं,
आणि दर सभेत खजिनदार आठल्ये विचारतात,
"हिच्या देखभालीचा खर्च नक्की कशाचा?"

आज उत्तर फरशीवर पसरून ठेवलंय:
दोन ड्रम, चार शू, चार स्प्रिंगा,
आणि श्रीखंडाच्या डब्यात रॉकेल.

आकुर्डीला एकतीस वर्षं फिटर होतो.
निवृत्तीनंतर लोक गुडघे सांभाळतात.
मी हे ड्रम सांभाळतो.

डावा ड्रम निघता निघेना.
शू आतून चिकटलेले, गंजाने सवडीने वेल्डिंग केलेलं.
लाकडी हातोडा घेतला. कडेकडेने, सगळीकडून सारखा.
"जोरात हाणू का, काका?" मल्लू विचारतो,
वॉचमन भीमाप्पाचा मुलगा, यंदाच आयटीआयला लागलेला.
जोरात नको. पुन्हा पुन्हा.
सतराव्या की अठराव्या ठोक्याला
आत काहीतरी सुटलं,
खूप दिवस न बोललेलं माणूस
बोलण्याआधी नुसतं खाकरतं, तसं.

काळी भुकटी फुंकायची नाही, मल्लू.
ती छातीत जाऊन बसते, भाडं न देणाऱ्या बिऱ्हाडासारखी.
ओल्या फडक्याने टिप. तोंडाला रुमाल बांध.
आणि सोडवण्याआधी फोटो काढून ठेव,
कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात.
मला पाठ आहे.
पण मी किती दिवस आहे?

गेल्या जुलैत
धरणातून पाणी सोडल्याचा निरोप पहाटे साडेतीनला आला.
तोवर मुठा विठ्ठलवाडीच्या गल्लीत,
आणि गल्ली आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.
ताडपत्री ओढली, मांजर हुसकलं,
तर ट्रेलर जागचा हलेना.
अकरा महिने हँडब्रेक ओढलेला.
मीच ओढला होता.
जागा उताराची, म्हणून, काळजीने.

नऊ जणांनी बोट खांद्यावर घेतली.
कुणीतरी "तिरडीसारखी" म्हणालं,
कुणीतरी त्याला गप्प केलं.
चाळीस मिनिटं गेली.
माणसं सगळी निघाली.
तळमजल्यावरच्या द्वारकाबाई माळवद्यांची
दोन शिलाई मशिनं राहिली पाण्यात,
आणि कुणाच्या तरी लग्नाचे
बेतून ठेवलेले अकरा ब्लाउज.

त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत.
दिवाळीत फराळाचं ताट आलं,
शंकरपाळे जरा जास्तच घातलेले.
ते अजून पचले नाहीत.

नवे शू बसले.
ग्रीस बेअरिंगला, भरपूर, तळव्यावर घेऊन दाबून.
अस्तराला मात्र ग्रीसचं बोटसुद्धा लागता कामा नये.
मग मागच्या फटीतून पेचकस घालून
दातेरी चाकी फिरवायची,
चाक अडेपर्यंत घट्ट,
तिथून सैल, एक दात, आणखी एक,
हाताने गरकन फिरवल्यावर
कापडाला कापड घासल्यासारखं ऐकू येईपर्यंत.

"दोऱ्याचा ताण असाच पाहतात."
मागे द्वारकाबाई उभ्या.
काखेत नव्या ताडपत्रीची घडी, कडांना दुहेरी शिवण.
"माप नजरेनेच घेतलंय. चुकलं तर सांगा."
मल्लूने चाक पुन्हा फिरवलं. त्यांनी मान तिरकी करून ऐकलं.
"अजून अर्धा दात सोडा."
चाकीला अर्धा दात नसतो.
मी पेचकस घातला आणि एक सोडला.

संध्याकाळी चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या,
लिव्हर मोकळा ठेवला,
आणि त्याला पुठ्ठा बांधला:
हँडब्रेक ओढू नका.

आठल्यांनी चष्मा वर सारून वाचलं.
"मग तो बसवलाय कशाला?"

मी विटा पुन्हा एकदा पायाने चाचपल्या.